आधी झबलं उतरवा: बालछळ आणि हेळसांड ओळखण्याची साधनं वापरून पाहिल्यावर

मुलांच्या तातडीच्या विभागात मी १९ वर्षं नर्स आहे. मुलाचा छळ होतोय का, त्याची हेळसांड होतेय का हे ओळखण्यासाठी म्हणून या काळात बरीच साधनं हातात आली. भिंतीवर लावायचं कार्ड, सहा प्रश्नांचा फॉर्म, पालकांनी भरायची प्रश्नावली, घरातल्या काळजीची प्रत लावणारं कोष्टक. काही रोजच्या वापरात राहिली, काही कपाटात गेली. नवीन सिस्टर आणि शिकाऊ डॉक्टर विचारतात, "सिस्टर, यातलं खरं कामाचं कुठलं?" ड्युटी बदलताना उभ्या उभ्या दिलेलं उत्तर नेहमी अर्धवट राहतं, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

माझी कसोटी एकच आहे. साधन हातात आल्यावर माझी नजर मुलाकडे जास्त जाते की कागदाकडे?

या कसोटीला सगळ्यात चांगलं उतरतं ते टेन-फोर-फेसेस-पी नावाचं कार्ड. आमच्या तपासणीच्या टेबलाशेजारी ते चिकटवलेलं आहे, कोपरे उचकटलेत, पण अक्षरं शाबूत आहेत. नाव इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलंय, अर्थ मात्र सरळ आहे. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर काळानिळा डाग दिसला तर थांबा. वरचा ओठ आणि हिरडी जोडणारा पातळ पडदा फाटलेला आहे का, जबड्याच्या कोपऱ्यावर, गालाच्या मांसल भागावर, पापणीवर डाग आहे का, डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त साकळलंय का, ते पाहा. वळाला बोटांचा, पट्ट्याचा, दातांचा असा काही आकार आहे का, तेही पाहा. आणि बाळ पाच महिन्यांच्या आतलं असेल तर अंगावर कुठेही, कितीही लहान डाग असला तरी थांबा.

हे कार्ड कुणाच्या अंदाजावर बेतलेलं नाही. अमेरिकेतल्या डॉक्टर मेरी क्लाइड पियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली त्याचं पहिलं रूप मांडलं. मग पाच रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत अंगावर डाग असलेली चार वर्षांखालची २,१६१ मुलं तपासून २०२१ साली आताचं रूप आलं. छळ झालेल्या १०० मुलांमागे ९५ मुलं त्यात पकडली गेली, आणि अपघाताने लागलेल्या १०० मुलांमागे ८७ मुलांवर नाहक बोट ठेवलं गेलं नाही. भिंतीवरच्या एका कागदाकडून मला एवढं पुष्कळ वाटतं.

हे कार्ड माझ्या इतकं जवळचं का, ते सांगायलाच हवं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, तेव्हाच्या माझ्या रुग्णालयात, तीन महिन्यांचा एक मुलगा सर्दी-खोकल्यासाठी आणला होता. मी त्याचं वजन घेतलं. उजव्या जबड्याखाली अंगठ्याच्या पेराएवढा जांभळट डाग होता. मी विचारलं, आजी म्हणाल्या, "खुळखुळा लागला हो." बोलताना त्या झबल्याची नाडी बांधत होत्या आणि बाळ शांतपणे माझ्याकडे बघत होतं. मी केस पेपरवर "खुळखुळा लागून" असं लिहिलं, डॉक्टरांनी छाती तपासली, औषध दिलं, घरी पाठवलं. बारा दिवसांनी तोच मुलगा झटके येत असताना परत आला. मेंदूभोवती रक्तस्राव होता, आणि दोन बरगड्यांवर जुनी मोडलेली हाडं जुळत आल्याच्या खुणा होत्या. तो वाचला. त्याच्या एका बाजूच्या हातापायात पुरती ताकद आली नाही, हे मला पुढे कळलं.

हे कार्ड तेव्हा नव्हतं. पण जे कळायला हवं होतं ते कळण्याची सोय होती. १९९९ साली अमेरिकेत ९७३ निरोगी मुलांची अंगं तपासून एक साधी गोष्ट मोजली गेली होती. सहा महिन्यांखालच्या ३६६ बाळांपैकी फक्त दोघांच्या अंगावर डाग सापडले. धरून धरून चालणाऱ्या मुलांमध्ये सुमारे १८ टक्के, आणि चालायला लागलेल्यांमध्ये निम्म्याहून थोडी जास्त. जे बाळ स्वतः कुशीवर वळत नाही, ते स्वतःला मुका मार लावून घेणार कसं? हा प्रश्न मला कुणी शिकवला नव्हता आणि मलाही सुचला नाही. पुढे २०१३ साली आणखी एक अभ्यास आला. छळ निश्चित झालेल्या, एक वर्षाखालच्या २०० बाळांपैकी २७.५ टक्के बाळांना आधी अशी एखादी किरकोळ दिसणारी इजा होऊन गेली होती, बहुतेक वेळा एखादा डाग. त्यातल्या सुमारे ४२ टक्के बाळांची ती इजा कुणा ना कुणा आरोग्य कर्मचाऱ्याच्या नजरेखालून गेली होती. छळ झालेला नाही असं ठरलेल्या १०१ बाळांपैकी एकालाही तशी आधीची इजा नव्हती. ते आकडे वाचताना मला खुळखुळा आठवला.

आता या कार्डाच्या उणिवा. कार्ड "तपासा" म्हणतं, "छळ आहे" असं म्हणत नाही, आणि घाईत हा फरक विसरला जातो. दोन वर्षांच्या एका मुलाच्या कानामागे आणि पोटावर डाग होते. शिकाऊ डॉक्टरांनी कार्ड पाहिलं आणि दारातच वडिलांना विचारलं, "याला कोण मारतं?" तासाभराने रक्ताचा रिपोर्ट आला, प्लेटलेट ९,००० होत्या. तो रक्ताचा आजार होता. आजार आटोक्यात आला, पण वडील नंतरच्या तपासणीला मुलाला घेऊन आमच्याकडे आले नाहीत, दुसरीकडे गेले. त्यांना दोष देता येत नाही. तेव्हापासून मी नवीन सिस्टर-डॉक्टरांना वाक्यच पाठ करून देते: "ताई, इतक्या लहान मुलाला इथे डाग दिसला की आम्ही सगळ्यांच्याच बाबतीत काही तपासण्या करतो. कधी रक्तात दोष निघतो, कधी कुणाकडून लागलेलं असतं. आपण दोन्ही बघू." आवाज खाली, शक्यतो खुर्चीवर बसून.

दुसरी उणीव नजरेची. सावळ्या कातडीवर ताजा डाग पटकन दिसत नाही, चांगला उजेड लागतो. उलट कमरेखाली, कुल्ल्यावर जन्मतः असणारे निळसर चट्टे अनुभव नसलेल्याला मुक्या मारासारखे वाटतात. दाबलं तर दुखत नाहीत आणि आठवड्याभरानेही तसेच असतात, मार असेल तर तो तोवर रंग बदलतो. आणि चार वर्षांवरच्या मुलांसाठी हे कार्ड नाहीच. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या नडगीवरचे डाग मोजत बसायचं नसतं.

जाता जाता रंगाबद्दल. आमच्या जुन्या केस पेपरवर "वळाचा रंग व अंदाजे वय" असा रकाना होता. पिवळा म्हणजे इतके दिवस, हिरवा म्हणजे तितके, असं आम्ही बिनदिक्कत लिहायचो. २००५ साली यावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले आणि नुसत्या रंगावरून डागाचं वय सांगता येत नाही हे स्पष्ट झालं. तो रकाना मी हट्टाने काढायला लावला. असल्या अंदाजाने निर्दोष माणूस अडकू शकतो आणि दोषी सुटू शकतो.

सहा प्रश्नांचा फॉर्म नेदरलँड्समधला, एस्केप नावाचा. तातडीच्या विभागात येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी भरायचा. सांगितलेली हकिकत सुसंगत आहे का? मदत घ्यायला विनाकारण उशीर झाला का? अशी इजा या वयाच्या मुलाला होऊ शकते का? मूल आणि सोबतची माणसं एकमेकांशी ठीक वागताहेत का? डोक्यापासून पायापर्यंत तपासल्यावर जे दिसतंय ते हकिकतीशी जुळतं का? आणि मुलाच्या किंवा घरातल्या इतरांच्या सुरक्षिततेबद्दल शंका यावी असं आणखी काही?

प्रश्न उत्तम आहेत. अनुभवी माणूस मनातल्या मनात हेच विचारत असतो. रात्री तीन वाजता, बाहेर दहा जण रांगेत असताना, मन दमलेलं असतं तेव्हा ते कागदावर असलेले बरे. पण आमच्याकडे हा फॉर्म संगणकावर आला आणि त्याचा जीव गेला. एका क्लिकमध्ये सहाही उत्तरं "ठीक" होत होती. मी एका महिन्याच्या नोंदी काढून वेळा ताडून पाहिल्या. कितीतरी मुलांचा फॉर्म डॉक्टर तपासायला येण्याआधीच पूर्ण झाला होता. डोक्यापासून पायापर्यंत तपासलं असं लिहिलेलं, आणि मुलाच्या अंगात स्वेटर तसाच. ते फॉर्म भरणाऱ्यांत माझी लाडकी, मन लावून काम करणारी माणसं होती. आळस नव्हता, फॉर्मची रचनाच तशी होती. भांडून आम्ही दोन बदल करून घेतले. एक क्लिक बंद झाला, आणि कोणी कपडे उतरवून तपासलं त्याचं नाव आणि वेळ टाकल्याशिवाय पाचवा प्रश्न उघडत नाही. आता फॉर्म भरायला जास्त वेळ जातो, आणि मला तो जायलाच हवा आहे.

या फॉर्मबद्दल आणखी एक हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. नेदरलँड्समधल्या अभ्यासात त्याची पकड सुमारे ८० टक्के आणि नाहक संशय न घेण्याचं प्रमाण ९८ टक्के निघालं. ऐकायला झकास वाटतं. समजा १०,००० मुलं आली आणि त्यातल्या ३० मुलांचा खरंच छळ होतोय. फॉर्म त्यातली २४ पकडेल. पण उरलेल्या ९,९७० मुलांपैकी दोन टक्के, म्हणजे जवळजवळ २०० मुलांवरही खूण लागेल. म्हणजे खूण लागलेल्या नऊ मुलांमध्ये एक खरं. हे माहीत असलेला माणूस खूण दिसली की आरोप करत नाही, वरिष्ठांना हाक मारतो. आणि खूण न लागलेल्या सहा मुलांचं काय, हा प्रश्नही त्याच्या डोक्यात राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सरसकट प्रत्येक भेटीत सगळ्यांना ठरावीक प्रश्न विचारण्याच्या विरोधात मत दिलं आहे. लक्षणं, इजा, वागणं यावरून शंका आली तर छळाचा विचार करा, असं त्यांचं म्हणणं. माझा अनुभव या दोन्हींच्या मधे कुठेतरी येतो. शंका यायला आधी पाहावं लागतं, आणि पाहण्याची सवय लागायला मला तरी कागदाचा आधार लागला. प्रत्येक मुलाचं अंग पाहणं मी सोडणार नाही, प्रत्येक आईला आरोपीसारखे प्रश्न मात्र विचारणार नाही.

पाहण्याची सक्ती सगळ्यांसाठी सारखी असावी, याला आणखी एक कारण आहे. १९९९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात डोक्याला मार देऊन छळलेल्या १७३ मुलांपैकी ५४ मुलांचं निदान पहिल्या भेटीत हुकलं होतं. गोऱ्या कुटुंबांत आणि आईवडील दोघं एकत्र राहतात अशा घरांत ते जास्त वेळा हुकलं. म्हणजे डॉक्टरांना जे घर "चांगलं" वाटलं तिथे नजर सैल पडली. ही सवय कुठल्याही देशात आणि कुठल्याही माणसात असू शकते, ती मी माझ्यातही पाहिली आहे. नीटनेटके कपडे, मृदू बोलणं, हातात जुन्या कागदांची व्यवस्थित फाइल असली की माझाही हात झबल्याच्या नाडीकडे उशिरा जायचा. कार्ड कुणाचे कपडे बघत नाही, म्हणून ते मला आवडतं.

हेळसांडीकडे आलं की ही दोन्ही साधनं तोकडी पडतात. हेळसांडीचा डाग नसतो. तिथे मला ग्रेडेड केअर प्रोफाइल आवडलं. ब्रिटनमध्ये ओ. पी. श्रीवास्तव आणि लिऑन पोलने यांनी १९९० च्या दशकात ते तयार केलं आणि पुढे एनएसपीसीसी या तिथल्या बालसंरक्षण संस्थेने त्याची सुधारित आवृत्ती काढली. शारीरिक काळजी, सुरक्षितता, माया आणि मुलाच्या वाढीला मिळणारं प्रोत्साहन, या बाबींना १ ते ५ अशी प्रत लावायची. १ म्हणजे सर्वोत्तम, ५ म्हणजे अगदी वाईट. सगळ्यांची बेरीज करून एक आकडा काढायचा नाही, हेच त्याचं बळ आहे.

सात वर्षांची, मधुमेह असलेली एक मुलगी वर्षात तिसऱ्यांदा आमच्याकडे आली. इन्सुलिन चुकलेलं, रक्त आम्लधर्मी झालेलं, श्वास खोल आणि जोरजोरात. वॉर्डात सगळ्यांचं मत पक्कं होतं: आई बेफिकीर आहे. आमच्या समाजसेविका दोनदा घरी गेल्या आणि आईसोबत बसून त्यांनी ते कोष्टक भरलं. औषधपाण्याच्या बाबतीत प्रत ४ आली. मायेच्या बाबतीत १. त्या मुलीचे केस रोज विंचरलेले असायचे, शाळेच्या वह्या जपून ठेवलेल्या असायच्या. आईला सुईची कमालीची भीती होती, ते सांगायची तिला लाज वाटत होती, आणि रात्रपाळीमुळे संध्याकाळचा डोस शेजारच्या मुलीवर सोपवलेला होता. ४ आणि १ शेजारी शेजारी लिहिलेले दिसले नसते, तर आम्ही तिला रागावून परत पाठवलं असतं आणि चौथ्यांदा वाट पाहिली असती. पेनने इन्सुलिन द्यायला तिला शिकवलं, डोसच्या वेळा तिच्या पाळीप्रमाणे डॉक्टरांनी बदलून दिल्या. त्यानंतर ती मुलगी त्या कारणाने आमच्याकडे आलेली नाही. मुलीचं आधीचं नुकसान खरंच होतं आणि त्याला हेळसांडच म्हणायचं, यात मला शंका नाही. पण उपाय माहीत झाला तो त्या कोष्टकामुळे. मात्र यासाठी प्रशिक्षण लागतं, घरी जावं लागतं, वेळ लागतो. तातडीच्या विभागात उभ्या उभ्या भरायला घेतलं तर त्याची नासाडी होईल.

पालकांनी स्वतः भरायची सीक नावाची प्रश्नावली मेरीलँड विद्यापीठातल्या हॉवर्ड डुबोविट्झ यांच्या कामातून आली. नियमित तपासणीला आलेल्या आईवडिलांना नैराश्य, घरातली मारहाण, दारू, ताणतणाव, घरात पुरेसं खायला आहे का, याबद्दल विचारायचं आणि मदत द्यायची. छळ होण्याआधीच घर सावरायचं, ही कल्पना मला मनापासून पटते. चाचणीत ज्या कुटुंबांना हे मिळालं त्यांच्याबद्दल बालसंरक्षण खात्याकडे कमी तक्रारी गेल्या. माझी अट एकच आहे: विचारायच्या आधी पाठवायची जागा तयार ठेवा. एका आईने "नवरा मारतो" पुढे बरोबरची खूण केली आणि आमच्याकडे त्या दिवशी तिच्याशी बोलायला कुणीच नव्हतं. तिने तो कागद माझ्या हातातून परत मागून घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. वाचता न येणाऱ्या पालकांना ती एकांतात, कुणी तिऱ्हाइताने वाचून दाखवावी लागते. नवऱ्याने वाचून दाखवली तर काय अर्थ राहिला.

बालपणीच्या आघातांची २८ प्रश्नांची प्रश्नावली आणि लहानपणीचे वाईट अनुभव मोजणारा दहा प्रश्नांचा एसीई आकडा, हे दोन्ही कुणीतरी आमच्या विभागात सुरू करायला सुचवलं होतं. मी विरोध केला. पहिली किशोरवयीन आणि मोठ्या माणसांनी मागे वळून सांगायची आहे. दुसऱ्याबद्दल, मूळ अभ्यासातले रॉबर्ट आंडा यांनीच २०२० साली लिहिलं की हा आकडा एकेका माणसाची तपासणी करायला वापरू नका. संशोधनाचं हत्यार वेगळं, टेबलावरचं वेगळं.

लैंगिक अत्याचाराबद्दल थोडंच लिहिते, कारण तिथे कार्ड किंवा फॉर्म कामाचा नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या २,३८४ मुलांच्या अभ्यासात तपासणीत काही वेगळं आढळलं ते फक्त सुमारे चार टक्के मुलांमध्ये. "तपासणी नॉर्मल आहे" म्हणजे "काही झालेलं नाही" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हात लिहा, आणि तेच तेच पुन्हा विचारू नका. पुढचं काम तालीम घेतलेल्या माणसांचं.

शेवटी एक साधन, ज्याला कुणी साधन म्हणत नाही: शरीराचा नकाशा. पुढून आणि मागून मुलाची रेघांची आकृती, त्यावर डाग जिथे असेल तिथे काढायचा, सेंटीमीटरमध्ये माप लिहायचं, फोटो काढला तर शेजारी पट्टी ठेवायची. याला गुण नाहीत, टक्केवारी नाही. पण चित्र काढायचं म्हणजे मुलाला उलटं करून पाठ पाहावीच लागते, आणि कानामागे बोट फिरवावंच लागतं. मागच्या वर्षी एका नव्या सिस्टरने चार महिन्यांच्या बाळाच्या आकृतीवर डाव्या कानाच्या पाळीवर ठिपका काढला आणि बाजूला लिहिलं, "०.५ सेमी, आई म्हणते माहीत नाही." डॉक्टरांनी आधी कान पाहिलाच नव्हता. मग रक्ततपासणी झाली, डोळ्यांचा पडदा तपासला, पूर्ण सांगाड्याचे एक्स-रे काढले, आणि पायाच्या हाडाला जुनी चीर निघाली. बाळ त्या रात्री घरी गेलं नाही.

एकच घ्यायचं झालं तर मी कार्ड आणि नकाशा एकत्र घेईन. आमच्या कार्डाच्या तळाशी मी पेनने एक ओळ वाढवली आहे: रात्री शंका आली तर कुणाला फोन करायचा, त्यांचा नंबर. दर महिन्याच्या एक तारखेला, रात्री, मी तो नंबर स्वतः लावून पाहते. दोन महिन्यांपूर्वी कुणी उचलला नाही. सकाळी जाऊन सांगितलं, आता तिसऱ्या घंटेला उचलतात.